केशरी प्रमाणपत्र

हैदराबादच्या हुसेनसागराच्या काठावरचा एक व्हिडिओ या आठवड्यात इतक्या जणांनी धाडला की फोन बंद करून ठेवावासा वाटला. पाण्यालगत केशरी चतुरांची झुंबड, मागे बुद्धमूर्ती आणि खाली ओळ: 'चतुर आले, तलाव शुद्ध झाला!' कारंज्यांना आणि रोषणाईला श्रेयही वाटून झाले होते.

चतुर दिसला की पाणी निर्मळ, हे अर्धवट ज्ञान. सह्याद्रीतल्या स्वच्छ ओढ्यांवर काही जाती अशा आहेत की पाणी बिघडले की त्या नाहीशा होतात, त्यावरून हे निघाले असावे. व्हिडिओतला गडी त्यातला नव्हे. हा ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा, इंग्रजीत डिच ज्युएल. नर केशरी, पंखांवरही केशरी झाक. मादी फिकट, पिवळट. पाण्यावरून अगदी खालून उडायचे, काडीवर टेकायचे, पुन्हा उडायचे, पुन्हा तिथेच टेकायचे. इथल्या नामपल्लीच्या माणसाला हा दाखवायला लांब जावे लागत नाही. साचलेले, शेवाळलेले, सांडपाण्याने काळवंडलेले कुठलेही पाणी याला चालते. त्यात प्राणवायू कमी असला तरी याची पिल्ले तग धरतात. म्हणजे हे प्रमाणपत्र कोणी कोणाला दिले, ते तुम्हीच पाहा.

याच्या शेजारी दुसऱ्या एका चतुराला ठेवून बघा. पावसाळ्यात नामपल्लीतले नुमाइश या प्रदर्शनाचे मैदान मोकळे असते तेव्हा वर पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात. तो पँटाला फ्लॅव्हेसेन्स. पावसाच्या डबक्यात अंडी घालतो आणि डबके आटायच्या आत, महिना-दोन महिन्यांत, पिल्लांचा चतुर होतो. मग हे थवे वाऱ्याबरोबर निघतात. चार्ल्स अँडरसन या संशोधकाने २००९ मध्ये मांडले की हे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत. त्याचा मुद्दा मला फार आवडतो: मालदीवमध्ये जमिनीवर गोडे पाणी जवळजवळ नाहीच, तरी ऑक्टोबरात तिथे चतुरांचे थवे उतरतात, म्हणजे ते तिथले नव्हेतच. जाऊन-येऊन १४,००० ते १८,००० किलोमीटर, तेही एका पिढीला न झेपणारे. निघतो एक, परततात त्याचे वंशज.

साहजिकच लेख, माहितीपट, कौतुक सगळे या प्रवाशाला. परदेशी गेलेल्या मुलाचे फोटो भिंतीवर आणि घर सांभाळणारा धाकटा रेशनच्या रांगेत, तसे हे. तळ्याबद्दल काही विचारायचे तर मात्र प्रवाशाचा उपयोग नाही. तो डबक्यापुरता पाहुणा. साक्ष धाकट्याचीच काढायची, कारण तो इथून हलत नाही. आणि त्याची साक्ष तलावाला मुळीच सोयीची नाही. काठावर एकटा हाच उडतोय आणि बाकी कोणी नाही, तर पाण्याचे काय झाले आहे ते कळते. झुंबड मोजून काय होणार? किती जातींचे चतुर आहेत, चतुरांच्या सडपातळ भाऊबंद म्हणजे टाचण्या किती आहेत, ते मोजायला हवे. पण व्हिडिओत गर्दी छान दिसते.

या गड्यावर माझा राग नाही, गैरसमज नको. संध्याकाळी उशिरापर्यंत तो शिकार करतो. त्याची पिल्ले पाण्यात डासांच्या अळ्या खातात आणि मोठा झाला की तो उडते डास खातो. डास मारायला फिरणाऱ्या धुराच्या गाडीला यातले निम्मेही जमत असेल असे मला वाटत नाही. आकडा माझ्याकडे नाही, पण धूर ओसरला की डास परत येतात, हे कोणालाही विचारा.

त्याला हवे असते एवढेच की काठाला थोडे गवत-लव्हाळे असावे. पाण्यातले पिल्लू शेवटी एखाद्या देठावर चढते, पाठीवरची कात फाटते आणि पंखांचा चतुर बाहेर पडतो. पंख वाळेपर्यंत त्याला तिथेच चिकटून राहावे लागते. गुळगुळीत उभी काँक्रीटची भिंत असली की हा खेळ अवघड होतो. आपण मात्र काठ स्वच्छ करायचा म्हटले की आधी हेच देठ उपटतो. नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमधल्या तळ्याला चार हात लव्हाळे राहू द्यायला खर्च काहीच नाही. उद्घाटनाची फीत बांधावी इतके लव्हाळे बळकट नसते, एवढीच काय ती अडचण.

— पाणकावळा