दुपारी दोन ते पाच

दिवाळी उरकली, उसाच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या, की आष्टी तालुक्यात बारावीच्या पोरांच्या भिंतींवर वेळापत्रकं चढतात. पहाटे चारला उठायचं. चार ते सहा जीवशास्त्र, सहा ते आठ भौतिकशास्त्र, असं करत बेरीज चौदा तासांवर जाते. वर लाल स्केचपेनने लिहिलेलं असतं, 'टार्गेट ६५०'.

कड्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या घरांचा दिवस त्या कागदावर कुठेच नसतो. आईबाप तोडीला गेलेले, घरी म्हातारी आणि जनावरं. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचं. शेतीची लाईट रात्रपाळीची असली, तर त्या आठवड्यात मध्यरात्रीपर्यंत दारं धरायची. मग पहाटे चारचं जीवशास्त्र वाचणार कोण? तीन दिवसांत वेळापत्रक मोडतं आणि पोरगं स्वतःला आळशी ठरवून मोकळं होतं. मला विचाराल तर मुळात हिशेबच उलटा मांडलेला असतो. आधी तास ठरवले आणि मग त्यांत अभ्यास कोंबला. सुरुवात गुणांपासून करावी.

समजा नीटमध्ये ७२० पैकी ५२० हवेत. जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांत ७८ बरोबर आणि १२ चूक आले, तर ३०० होतात. रसायनशास्त्राच्या ४५ मध्ये ३२ बरोबर, ८ चूक, ५ सोडले, की १२०. भौतिकशास्त्रात २७ बरोबर, ८ चूक, १० सोडले, की १००. झाले ५२०. म्हणजे १८० पैकी ४३ प्रश्न आले नाहीत तरी चालतं, हे पोरांना कुणी सांगतच नाही. भौतिकशास्त्रातला एखादा अवघड धडा डोक्यात शिरेना म्हणून आठवडाभर रडत बसण्यापेक्षा तो बाजूला ठेवलेला बरा. आता त्या २८ चुकांकडे बघा. त्यांनी हातातले २८ गुण नेले, आणि बरोबर आले असते तर मिळाले असते ते ११२ वेगळेच. हे प्रश्न बहुतेक अर्धवट येणाऱ्या भागातले असतात. म्हणून दिवसाला खरे पाचच तास मिळत असतील, तर त्यातले दोन जुन्या चुकांच्या वहीला द्यावेत. नवीन धडा वाचला की अभ्यास झाल्यासारखा वाटतो. चूक उकलताना तसं वाटत नाही, म्हणून ती वही कुणी उघडत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. नीटचा पेपर दुपारी दोन ते पाच असतो, तोही मे महिन्यात. आपल्याकडे त्या वेळी पत्रे तापलेले असतात आणि जेवून माणसं आडवी होतात. पहाटे उठणाऱ्या पोराचं मोठं कौतुक होतं, पण वर्षभर जी वेळ त्याने झोपेत घालवली, त्याच वेळी त्याला १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात, आणि गोलही त्याच वेळेत काळे करायचे असतात. ती सवय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लागत नाही.

एमएचटी-सीईटीची तऱ्हा आणखी निराळी. तिथे जीवशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवणं हा वेडेपणा. अकरावीवरचे प्रश्न साधारण २० टक्केच. एकच पोरगं दोन्ही परीक्षा देतं, म्हणून त्याने दोन्हींचा सराव वेगळा करावा. एकीची सवय दुसरीत नडते.

आता टार्गेटच्या आकड्याबद्दल. नीटमध्ये २०२४ साली पहिले आलेल्यांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राने घाम काढला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले. गेल्या वर्षीचा कटऑफ भिंतीवर चिकटवणाऱ्याची अशी फसगत होते. सीईटीत तर पर्सेंटाइलच, म्हणजे शेजारच्याने किती सोडवलं यावर आपला आकडा. २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशाचा ७०:३० चा विभागवार कोटा रद्द झाला आणि मराठवाड्याचा एक जुना अन्याय मिटला, पण तेव्हापासून मराठवाड्याच्या पोरांची तुलनाही सगळ्या राज्याशीच आहे. तेव्हा गुणांचं टार्गेट जरा सैल धरावं. किती प्रश्न बरोबर आणि किती चूक, ते मात्र दर आठवड्याला मोजावं. तेवढंच आपल्या हातात असतं.

ते मोजायला लातूरला किंवा नगरला खोली घेऊन राहायची गरज नाही. जुने पेपर मोबाइलवर फुकट मिळतात. कड्यात अमोलक जैन विद्याप्रसारक मंडळाचं महाविद्यालय आहे, विज्ञान शाखा आहे, बाकं आहेत. जानेवारीपासून दर रविवारी दुपारी दोन ते पाच एक वर्ग उघडायचा, ओएमआरच्या झेरॉक्स काढायच्या आणि मोबाइल दारात काढून घ्यायला एक शिक्षक बसवायचा, एवढाच खर्च. सोमवारचा तास मग रविवारच्या चुकांवरच घ्यावा, त्या दिवशी पुढचा धडा राहिला तरी बेहत्तर.