मूळचे कुठले?

निघोजेत भाड्याची खोली शोधायला गेलं की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "मूळचे कुठले?" हा असतो. चाकण एमआयडीसीच्या या पट्ट्यात तो सगळ्यांनाच विचारला जातो. बीडच्या माणसाला विचारतात, परभणीच्या, यवतमाळच्या, बिहारच्या माणसालाही विचारतात. खोल्यांच्या रांगांमध्ये राहणारा जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला असतो. त्यामुळे प्रश्नात वाईट काही नाही.

माझा भाचा इथल्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला, तेव्हा खोली बघायला मी सोबत गेलो होतो. "मूळचे उदगीरचे," म्हटल्यावर पहिले घरमालक खूश झाले. त्यांचे कुणी पाहुणे तिकडचेच होते. मग त्यांनी नाव विचारलं. नाव ऐकल्यावर आठवलं की खोली कालच दुसऱ्याला देऊन टाकली आहे. तिसऱ्या ठिकाणी काम झालं. तिथल्या मावशींनी डिपॉझिट आणि आधार कार्डाची झेरॉक्स एवढंच मागितलं. परत येताना भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, अपन असल में कहाँ के?"

या पोरानं घरातल्या लग्नकार्यात ऐकलेलं आहे की आपले पूर्वज अरबस्तानातून आले. मोबाईलवर तो रोज वाचतो की मुसलमान बाहेरून आले. एक जण अभिमानानं बोलतो, दुसरा रागानं बोलतो, पण दोघांचं म्हणणं एकच आहे. आणि दोघांनीही ते कधी तपासलेलं नाही.

तपासणारं एक शास्त्र आहे. हाडं, दात, रक्त, जनुकं आणि माणसाचे प्राणिसृष्टीतले नातेवाईक यांचा अभ्यास करून माणूस कसा घडला हे ते शोधतं. त्याला शारीरिक मानवशास्त्र म्हणतात. आपल्या मुलांना त्याची तोंडओळख दहावीत होते. राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे, आणि अभ्यासक्रम मराठी-उर्दू दोन्ही माध्यमांना सारखाच आहे. एनसीईआरटीनं मात्र २०२३ च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. त्याविरुद्ध देशभरातल्या अठराशेहून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी पत्र लिहिलं.

त्याच्या आधी, जानेवारी २०१८ मध्ये, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त आणि तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे. माकडाचा माणूस झालेला कुणी पाहिलेला नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तेव्हा त्यांची टिंगल केली. ठीक आहे. पण जुम्याच्या बयानात अगदी हेच वाक्य येतं तेव्हा आपण माना का डोलावतो? मंत्री बोलला की अडाणीपणा आणि मौलाना बोलले की ईमान, असा हिशेब चालणार नाही.

मुळात माकडाचा माणूस झाला असं शास्त्र म्हणतच नाही. आपल्याकडे लाल तोंडाचं माकड असतं आणि काळ्या तोंडाचं वानर असतं. हे दोघेही आपले पूर्वज नाहीत, फार लांबचे भाऊबंद आहेत. त्यांची आणि आपली वाट अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. चिंपांझी त्यामानानं जवळचा. त्याच्यापासून आपण साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळे झालो. चुलतभावाला कुणी आजोबा म्हणत नाही, एवढीच ही गोष्ट आहे. पुरावाही आपल्या प्रत्येक पेशीत आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. उरलेली जोडी हरवलेली नाही. दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तयार झालं आहे, आणि त्या सांध्याची खूण आजही दिसते.

मग हजरत आदमचं काय, हा प्रश्न येणारच. तो विचारणाऱ्याला मी दटावत नाही. माझं ईमान या धड्यानं हललेलं नाही, कारण माणसानं कसं वागावं हे मी जीवशास्त्राला विचारत नाही आणि गुणसूत्रं किती हे तफसीरला विचारत नाही. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजनं प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि जगण्यासाठी चाललेली त्यांची धडपड टिपली. इब्न खल्दूननं १३७७ च्या 'मुकद्दिमा'मध्ये खनिजांपासून माणसापर्यंतची पायऱ्यांची साखळी मांडली, तिच्यात माणसाच्या खालच्या पायरीवर माकडं ठेवली. म्हणून डार्विन आमच्याकडे आधीच होता असा डंका मात्र पिटू नये. पुराणातल्या विमानांना हसायचं आणि स्वतः तेच करायचं, हे बरं नव्हे. या दोघांकडून घ्यायचं ते एवढंच, की निसर्गाकडे बघताना ते घाबरले नाहीत.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. त्याचं उत्तर देण्याआधी एका मराठी बाईची गोष्ट सांगायला हवी. इरावती कर्वे १९२८ मध्ये पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशशास्त्रातलं मोठं नाव होतं. पुढे नाझी राजवटीत तेच बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक वंशानुसार बदलतो का, हे कवट्या मोजून शोधायचं काम इरावतीबाईंकडे होतं. युरोपीय कवटी वेगळी, म्हणजे वरचढ, असं निघावं ही तिथली अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा संबंध दिसत नाही. परक्या देशातली विशीतली विद्यार्थिनी, समोर तिची पदवी ज्याच्या हातात आहे तो माणूस, आणि तरी तिनं मोजलं तेच लिहिलं.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्यभर महाराष्ट्रातली माणसं अभ्यासली. एकच नाव आणि एकच धंदा असलेले कुंभारही एका मुळातून फुटलेले नाहीत, वेगवेगळे गट आहेत, असं त्यांनी १९६१ च्या पुस्तकात मांडलं. आपल्याकडच्या बागवान, आतार, पिंजारी, शिकलगार या बिरादऱ्या आठवून बघा. सगळ्यांच्या नावात शेख असतं, पण रोटी एका ताटात आणि बेटी मात्र बिरादरीतच. अरबस्तानातून आलेल्या एकाच माणसाची ही सगळी पोरं असती, तर असं झालं असतं का?

भारतातल्या मुसलमानांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञ त्यात होते आणि नमुने उत्तर प्रदेश, गुजरात, केरळ, तामिळनाडू अशा ठिकाणचे होते. निष्कर्ष असा निघाला की हे मुसलमान बहुतांशी आपल्या आसपासच्या बिगरमुस्लिम समाजांसारखेच आहेत. बाहेरचा अंश थोडा आहे, आणि तोही मुख्यतः इराण आणि मध्य आशियाकडचा, थेट अरबस्तानातला नव्हे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की वा, आता हा कागद घरमालकाच्या तोंडावर मारता येईल. मला इथेच भीती वाटते. हा अभ्यास मी मानतो, पण इथलं असण्याचा दाखला म्हणून तो दाखवायला माझा विरोध आहे. समजा उद्या एखाद्या बिरादरीत इराणी अंश जास्त निघाला, तर तिला खोली नाकारणं बरोबर ठरेल का? रायगडच्या बेने इस्रायली समाजात ज्यू आणि भारतीय अशी दोन्ही मुळं आहेत, हे २०१६ च्या अभ्यासात दिसलं. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या त्या माणसांचं मराठीपण आता टक्क्यांत मोजायचं का? रक्तावरून हक्क ठरवायला एकदा होकार दिला, की मोजपट्टी फिशरच्याच हातात जाते.

आणि मुळाचा शोध खोलवर नेला तर कुणाचाच दावा टिकत नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी गाव आहे. तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. राखेच्या वयावर वाद आहे, पण अशा घडणीच्या हातकुऱ्हाडी भारतात १५ लाख वर्षांपासून बनत होत्या. ते बनवणारे आपल्या जातीचे, म्हणजे होमो सेपियन्स, नव्हतेच. आपले पूर्वज आफ्रिकेतून निघून इकडे पोचले ते फार नंतर. पुढे इथे वेगवेगळे लोक साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले आणि मग जातीतल्या जातीत लग्नं करू लागले, असं २०१३ चा जनुकीय अभ्यास सांगतो. म्हणजे या मातीत सगळे आलेले, सगळे मिसळलेले.

मग जनुकांचा उपयोग काय? डॉक्टरला आहे, घरमालकाला नाही. आपल्यात चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात, महाराष्ट्रात अनेक हिंदू जातींत मामाच्या मुलीशी होतात. अशा भावंडांची साधारण आठवा हिस्सा जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधीच्या एका रक्ततपासणीत हे कळतं. ज्यांच्या घरात दर काही आठवड्यांनी पोराला रक्त चढवावं लागतं, त्यांना विचारा तो धडा शिकायला हवा होता की नको. उत्क्रांती पटत नाही म्हणून पानं उलटताना आपण आनुवंशिकताही उलटून टाकतो, कारण धडा एकच आहे.

म्हणून मशिदीशेजारी जिथे दहावीच्या मुलांचे क्लास चालतात, तिथे हा पहिला धडा सोडू नका. विज्ञानाच्या शिक्षकाला बोलवा, पालकांना बसवा, हवे ते प्रश्न विचारू द्या. लग्नाची बोलणी करताना देण्याघेण्याच्या यादीआधी रक्ताचा रिपोर्ट मागा.

भाच्याला मी त्या दिवशी रिक्षात एवढंच म्हणालो, "उदगीरचा आहेस, आता निघोजेचा होशील." बाकीचं सांगायचं राहिलं होतं, ते इथे लिहिलं. त्याच्या शेजारच्या खोलीत ओडिशाचे चौघे राहतात. पहिल्या रात्री गॅस जोडलेला नव्हता, तेव्हा जेवण त्यांनीच दिलं. मूळचा कुठला, हे त्यांनीही विचारलं होतं. उत्तर ऐकलं आणि ताट पुढे केलं.