छोटा माल, मोठा विरंगुळा

घरात मालमोटारीची १:२४ प्रमाणातील प्रतिकृती असेल, तर तिच्या रिकाम्या हौद्यासाठी माल घडवणे हा उतारवयातील हातांना उत्तम विरंगुळा आहे. खऱ्या वस्तूचे माप घेऊन त्यास २४ ने भागावे. ६० सेंटीमीटरचे खोके अडीच सेंटीमीटरचे होते. आइस्क्रीमच्या काड्यांची खोकी, सुती कापडाची वाळू भरलेली पोती आणि पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या जुन्या धोतराची ताडपत्री, एवढे साहित्य पुरते.

हात थरथरत असल्यास कोपर टेबलावर टेकवून, भरपूर उजेडात काम करावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, किंवा मधुमेहामुळे बोटांची संवेदना मंदावली असेल, तर कापण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. क्षणात चिकटणारा गोंद टाळावा.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. काड्या आपण जरूर कापून द्याव्यात, परंतु खोके त्यांनाच जुळवू द्यावे; वाकडे झाले तरी सरळ करू नये. ज्यांचे सारे काही दिवसभर इतरच करतात, त्यांना स्वतःच्या हातून पुरी झालेली एखादी वस्तू हवी असते.