मुलांच्या झोपेचा हिशेब

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. त्यावरील चर्चेत स्कूलबस, दोन पाळ्या आणि पालकांच्या नोकरीच्या वेळा यांचाच विचार अधिक झाला. हे मुद्दे गैरलागू नव्हेत. परंतु मुलांच्या शरीरप्रकृतीचा, विशेषतः वाढत्या स्थूलतेचा, प्रश्न त्यात मागे पडला.

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ साली अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री अवघे चार तास झोपू दिले, तेव्हा रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्याची त्यांच्या शरीराची क्षमता घटली. २००४ मधील दुसऱ्या प्रयोगात दोनच रात्रींच्या अपुऱ्या झोपेने तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले आणि भूक चाळवणारे ग्रेलिन २८ टक्क्यांनी चढले. हे प्रयोग प्रौढांवरचे होते, हे खरे; तथापि कमी झोपणाऱ्या मुलांत स्थूलता अधिक आढळते, हे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसले आहे. स्थूल मुलाच्या बाबतीत तर हे दुष्टचक्रच ठरते. घशाभोवतीच्या चरबीमुळे रात्री श्वास अडखळतो, झोप मोडते, दिवसा थकवा येतो, खेळ कमी होतो आणि वजन पुन्हा वाढते.

अर्थात आहार, आनुवंशिकता आणि आक्रसणारी मैदाने ही कारणे आहेतच. परंतु झोपेचा दोष केवळ घरातील बेशिस्तीवर ढकलणे अन्यायाचे होईल. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. सातची शाळा गाठण्यासाठी साडेपाचला उठणाऱ्या मुलाने त्यासाठी साडेआठलाच झोपावयास हवे. ज्या घरातील कमावते माणूस लोकलने नऊला परतते, तेथे हे कसे साधावे?

एकाच इमारतीत दोन पाळ्या भरवल्याने खर्च वाचतो, असे मानले जाते. वस्तुतः तो वाचत नाही, केवळ स्थलांतरित होतो. संस्थेच्या जमाखर्चात न दिसणारी रक्कम पुढे कुटुंबाच्या औषधोपचारात उमटण्याचा धोका राहतो.

शिवाय हा निर्णय चौथीपाशीच थांबला. वयात येताना झोपेची नैसर्गिक वेळ पुढे सरकते. म्हणजे सवलतीची गरज पाचवीनंतर कमी होत नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ च्या कायद्यान्वये माध्यमिक शाळांची वेळ साडेआठनंतरची केली आणि २०२२ पासून ती अमलात आणली. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला. पण बस व खर्चाच्या अडचणींपुढे तो २०२५ मध्ये मागे घेतला. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. जादा वर्गखोल्या आणि वाहतूक यांची तरतूद अंदाजपत्रकात झाल्याविना केवळ आदेश टिकत नाहीत. ती तरतूद करून वरच्या वर्गांचाही विचार शासनाने करावयास हवा. अन्यथा स्थूल मुलाला ‘कमी खा, अधिक खेळ’ असे बजावणे हा अर्धाच उपचार ठरेल.