भूमिका मंचावरच राहू द्या

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या वाशिंदची नोकरदार मंडळी संध्याकाळच्या कसारा लोकलने उतरतात, डबा घरी ठेवतात आणि थेट विहारात येतात. जयंतीला मुलांचे नाटक बसवायचे असते. आम्हीही त्यातलेच.

एके वर्षी पाणवठ्याचा प्रसंग होता. पाण्याला शिवला म्हणून मार खाणारा मुलगा आठवीतला. त्याला रडू येईना. नाटक बसवणारा म्हणाला, "तुझे वडील वारले तो दिवस आठव." पोर ढसाढसा रडले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या! तालीम संपली, पण रडणे थांबेना. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. "भाऊ, पोराला काय केलंत? रातभर झोपला नाही." आम्ही मान खाली घातली.

असे प्रसंग नाटकातून गाळावेत काय? मुळीच नाही. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक बाबासाहेबांसमोर झाले. आपली दुःखे मंचावर मांडणे ही आपली परंपराच आहे. प्रश्न आहे तो शिकवण्याच्या रीतीचा.

रशियाचे थोर नाट्यशिक्षक स्तानिस्लाव्हस्की आधी नटाला स्वतःच्या आठवणीतून भावना शोधायला लावत. पुढे त्यांनी कृतीवर भर दिला. १९३४ मध्ये अमेरिकेची नटी स्टेला अ‍ॅडलर त्यांना पॅरिसला भेटली आणि परतल्यावर तिने स्वतःच्या जखमेपेक्षा नाटकातला प्रसंग व कल्पनाशक्ती यांवर शिकवण उभी केली.

म्हणून मुलाला विचारावे: तुला तहान किती लागली आहे? पाणी किती लांब आहे? कोण बघते आहे? तो तहान दाखवील, पाणी प्रेक्षकांच्या डोळ्यांत येईल.

आणखी काही पथ्ये आम्ही पाळतो. मारण्याचे फक्त सोंग, खरी चापट नाही. "मला हे काम नको" म्हणणाऱ्यावर सक्ती नाही. तालमीनंतर तोंड धुवून सर्वांनी गोल बसायचे, चहा-बिस्कीट घ्यायचे आणि एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारायची. नाटकातली शिवी आळीत कोणी उच्चारायची नाही. नाहीतर अपमानाविरुद्धचे नाटकच मुलाचा नवा अपमान ठरते.

आई-वडिलांनो, तालमीला येऊन बसा. पोर घरी आल्यावर पाठांतर विचाराच, पण आधी विचारा, "बाळा, आज कसं वाटलं?"

जयभीम!