मरणाचा कागद



स्वतःच्या मरणाची तजवीज करावयाची म्हटले, की घरातील वडीलधारी मंडळी “अभद्र बोलू नका” म्हणून गप्प बसवितात. परंतु आपल्या धर्मांतराचा आरंभच एका पुरुषाने स्वतःच्या मरणाविषयी केलेल्या निश्चयाने झाला, हे आपण विसरतो. याच नाशिक जिल्ह्यात, येवले येथे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी हिंदू म्हणून मरणार नाही असे बाबासाहेबांनी जाहीर केले. जन्म आपल्या हाती नव्हता. मरण कोणत्या ओळखीने यावे, हे मात्र हाती होते. सॉक्रेटिसाने विषाचा पेला शांतपणे घेतला, हे थोरच. तथापि ते मरण न्यायसभेने ठरविले होते. बाबासाहेबांनी २१ वर्षे स्वतः तयारी केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरास दीक्षा घेतली आणि ५३ दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्रीही ते धम्मावरील आपल्या ग्रंथाची प्रस्तावना तपासावयास घेऊन बसले होते.

आता आपले पाहू. श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे. पण ती घेणारा मेला, की बोलतात ते भाऊबंद. माझ्या एका वृद्ध पक्षकाराच्या अस्थी पुतण्यांनी रामकुंडावर नेऊन पिंडदान केले. ज्या काळाराम मंदिरासाठी १९३० साली आपल्या वाडवडिलांनी सत्याग्रह केला, त्याच्या जवळच हे घडले! मुलगा नुसता पाहत राहिला. बापाने त्याला काहीच सांगून ठेवले नव्हते.

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. आपली सही व दोन साक्षीदार हवेत. ते नसेल तर बौद्धांनाही १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो, हे ऐकून पुष्कळजण चमकतात. परंतु मृत्युपत्र बहुधा अंत्यविधी उरकल्यावर उघडले जाते. म्हणून संस्कार त्रिशरण-पंचशीलाने व्हावा, ही इच्छा निराळ्या कागदावर लिहा आणि घरच्यांना आजच वाचून दाखवा. बरे होण्याची आशा नसता केवळ यंत्रांवर जगविले जाऊ नये, असे आधी लिहून ठेवण्याचा हक्कही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आहे.

माझा कागद मी यंदा लिहिला. पुण्यानुमोदनाला जेवण घालू नये, असे त्यात होते. पत्नी म्हणाली, “आलेल्या माणसाला उपाशी कसे पाठवायचे?” ते वाक्य मी खोडले.