घरी सुतार आला की मालक आपणच

मागणीपत्रे लिहिण्यात आणि वाटाघाटीला बसण्यात आपली हयात गेली. कामाचे तास किती, दर काय, जादा कामाचा मोबदला कसा, हे कागदावर आल्याशिवाय आपण प्रशासनाच्या दारातून हलत नाही. पण घरात एक कपाट किंवा पलंग करून घ्यायची वेळ आली, की हाच संघटित कामगार सुताराला म्हणतो, "तुम्ही सुरू तर करा, पैशांचे नंतर बघू." हे वाक्य एखाद्या अधिकाऱ्याने आपल्याला ऐकवले असते, तर आपण त्याच दिवशी द्वारसभा घेतली असती.

रेल्वेत एकेकाळी सुतारांची मोठी फौज होती. डबे लाकडी होते तोवर कारखान्यांत सुताराच्या हाताला मान होता. 1955 साली पेरांबूरचा कारखाना सुरू झाला, पोलादी डबे निघू लागले आणि लाकडाचे काम कमी कमी होत गेले. पण त्या सुताराला भविष्य निर्वाह निधी होता, पास होता, आजारपणात रेल्वेचे रुग्णालय होते. आज आपल्या क्वार्टरमध्ये करवत घेऊन येणारा राजस्थानातला असो, उत्तर प्रदेशातला असो वा आपल्याच तालुक्यातला, त्याला बहुधा यांतले काहीच नसते. बोट कापले की रोज बुडतो आणि औषधपाणीही त्याचेच. म्हणून फर्निचर करून घेणे हा निव्वळ घरगुती मामला आहे असे मी मानत नाही. त्या पंधरा दिवसांपुरते आपण मालक असतो.

मग मालकाने आपले काम नीट करावे. पहिले काम मापाचे. पलंग करायचा तर आधी गादी मोजावी. ओट्याखालचे कप्पे करायचे तर उंची किती हे तिथे रोज वाकणाऱ्या गृहिणीला विचारावे. आपण बदलीची माणसे, तेव्हा मोठी वस्तू नटबोल्टवर सुटी होणारी हवी आणि तिचा सर्वांत मोठा भाग क्वार्टरच्या दारातून जायला हवा. हे सारे कागदावर आकृती काढून, आकडे घालून ठरवावे. अर्धे काम झाल्यावर "इथे आणखी एक खण घाला हो" असे सहज म्हटले जाते. तो खण म्हणजे सुताराचा अर्धा दिवस. त्याचे पैसे वेगळे द्यावेत.

पैसे वाचवायची खरी जागा आहे लाकडाची वखार. सहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि दोन इंच जाड फळी असेल, तर 6 गुणिले 6 गुणिले 2 म्हणजे 72, त्याला 144 ने भागले की अर्धा घनफूट. वखारवाला हे गणित तोंडी झरझर करतो, आपण कागदावर करावे. सागवानाच्या फळीला कडेचा पांढरा भाग किती आहे ते पाहावे, कारण वाळवी आधी तोच खाते. ओले लाकूड स्वस्त मिळते आणि नंतर वाकते. प्लायवूड घ्यायचे तर आठ बाय चारच्या पूर्ण तक्त्यावर आयएसआयची खूण आणि तिच्या वरचा क्रमांक वाचावा: 303 म्हणजे सर्वसाधारण वापराचे, 710 म्हणजे मरीन. 303 मधले साधे एमआर प्लाय दमटपणा सोसते, पाणी नाही. ते मोरीजवळ लावून मग सुताराला दोष देण्यात अर्थ नाही.

काही वखारवाले सुताराला कमिशन देतात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती खोटी नाही. पण मजुरीत घासाघीस करून आपण त्याला जेवढे खाली आणतो, तेवढे तो दुसरीकडून भरून काढतो. मजुरी पुरेशी द्यावी आणि माल स्वतः उभे राहून घ्यावा, हा मला सरळ मार्ग दिसतो.

उक्ते द्यायचे, फुटावर द्यायचे की रोजावर, हे कामावर अवलंबून आहे. कपाटाला फुटाचा दर चालतो, जुन्या सामानाच्या दुरुस्तीला रोज बरा. मात्र हप्ते आधीच ठरलेले असावेत: विसार, सांगाडा उभा राहिल्यावर एक, पॉलिशच्या आधी एक, आणि खण नीट सरकतात हे पाहून शेवटचा. हा शेवटचा हप्ता "पुढच्या पगाराला" म्हणून महिनाभर अडवणे याला पिळवणूक हाच शब्द आहे. आपला पगार दोन दिवस लांबला तर आपण काय करतो?

सरकारने काहीच केले नाही असे नाही. ऑगस्ट 2021 मध्ये असंघटितांच्या नोंदणीसाठी ई-श्रम आले. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून 3 लाखांपर्यंत कर्ज 5 टक्के व्याजाने, अशी तरतूद केली गेली. पण कर्ज म्हणजे वेतन नव्हे आणि अवजारांची पेटी म्हणजे म्हातारपणची सोय नव्हे. तरीही घरी आलेल्या सुताराला ई-श्रमवर नाव आहे का, हे जरूर विचारावे. नसेल तर आपल्या शाखेतील एखादा तरुण साथी त्याला अर्ध्या तासात मदत करू शकेल.

आणि शाखेचेही बोलू. युनियन कार्यालयातले बाक, टेबल, कपाट याच हातांनी केलेले असते. पुढचे कपाट करायचे ठरले, की कार्यकारिणीने तीन दरपत्रकांतील सर्वांत कमी आकड्यावर खूण करण्याआधी त्यात कारागिराची मजुरी किती धरली आहे हे विचारावे, आणि ती त्या राज्यातील कुशल कामगाराच्या किमान वेतनाखाली असेल, तर ते दरपत्रक बाजूला ठेवावे.